इंग्रजी क्रियापदाची काळवेळ

इंग्रजी क्रियापदाला बारा काळ असतात, हे ज्ञान आपल्याकडील मुलाला ज्या वयात प्राप्त होते, त्या वयात शाळेची वेळ, खेळाची वेळ आणि मार खाण्याची वेळ यांखेरीज चौथा काळ त्याच्या अनुभवात आलेला नसतो. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन मुख्य काळ, त्या प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण असे चार चार पोटभेद, आणि तीन चोक बारा हा हिशेब इतका चोख की त्याविषयी शंका घेणे म्हणजे पाढ्यांविषयीच शंका घेण्यासारखे. वर्गाच्या भिंतीवरील तक्त्यात हे बारा काळ बारा बलुतेदारांप्रमाणे आपापले वतन सांभाळून बसलेले असतात, आणि सुताराचे काम लोहाराने करू नये हा जसा गावगाड्याचा शिरस्ता, तसा एका काळाचे काम दुसऱ्याने करू नये हा मास्तरांचा दंडक. पुढे यथाकाल तो मुलगा कॉलेजात जातो आणि तेथे त्याला असे सांगण्यात येते की, रूपाच्या दृष्टीने पाहिले असता इंग्रजी क्रियापदाला वर्तमान आणि भूत असे दोनच काळ आहेत. भविष्य म्हणून जे समजले जाते तो 'विल' आणि 'शॅल' ही साहाय्यक क्रियापदे उसनी आणून चालविलेला व्यवहार आहे. आणि बाकीचे सर्व क्रियेच्या अवस्थेचे प्रकार असून त्यांना काळ म्हणणे अशास्त्रीय होय. ज्या दहा काळांसाठी त्याने छड्या खाल्ल्या ते दहाही काळ अशा रीतीने एका व्याख्यानात बरतरफ होतात. छड्या मात्र साध्या भूतकाळात कायम जमा राहतात, आणि त्यांच्या अस्तित्वाविषयी कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाने अद्याप संशय घेतलेला नाही.

आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसल्या गेल्या, आणि नंतरच्या पिढ्यांवर रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाचा अंमल सुरू झाला. या जोडीपैकी पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे गृहस्थ आपल्या मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि कराची त्या वेळी याच इलाख्यात मोडत असल्यामुळे त्यांची नोकरी तिकडेही झाली. इंग्लंडात त्यांचे नाव झाले ते मात्र व्याकरणामुळे नव्हे. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे झाले. तीत एका मौल्यवान नीलमण्याच्या चोरीचा आळ आपल्या अंगावर ओढून घेण्यासाठी तिघे भाऊ एकामागून एक घरातून पळून जातात आणि फ्रान्सच्या परदेशी पलटणीत भरती होऊन आफ्रिकेच्या वाळवंटात प्राणसंकटे भोगतात. ज्या ग्रंथकाराने आपल्या मुलांना पास्ट परफेक्ट कंटिन्युअस शिकविला, त्याला आपल्या कथानायकांना घर सोडायला लावण्यासाठी नीलमण्याची चोरी कल्पावी लागली, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता, या वाक्याचे इंग्रजी केल्यावाचून आपल्याकडे कोणी मॅट्रिक झाल्याचे ऐकिवात नाही. पिढ्यान्‌पिढ्या हा रोगी नियमितपणे मरत आला आहे, आणि डॉक्टरही इतका भरवशाचा की त्याने एकदाही वेळेवर येऊन पास्ट परफेक्टचा विचका केलेला नाही. शेजारच्याच वाक्यात एक प्रवासी स्टेशनवर पोचतो आणि त्यापूर्वी गाडी सुटून गेलेली असते. दोन गोष्टी भूतकाळात घडल्या असता जी आधी घडली तिला 'हॅड' लावावा, एवढ्याचसाठी या रोग्याचे मरण आणि त्या प्रवाशाचा खोळंबा योजलेला आहे, आणि नियम म्हणून तो निर्दोष आहे. अडचण एवढीच की, मराठी माणसाला 'होतो' आणि 'होता' यांच्यावाचून गेलेल्या दिवसाविषयी तोंड उघडता येत नाही. काल दिसला नाहीत, असे म्हटले की तो सांगणार, मुंबईला गेलो होतो. नुसते 'मुंबईला गेलो' असे तो म्हणाला तर ऐकणारा मांडी घालून बसतो, कारण 'गेलो' हा हकीकतीचा आरंभ असतो. परंतु 'गेलो होतो' या दोन शब्दांत मनुष्य मुंबईस जाऊन, काम उरकून, रात्रीच्या गाडीने परतून, हातपाय धुऊन आपल्यासमोर सुखरूप उभा आहे, एवढी सगळी बखर आटोपलेली असते. हीच बखर तो इंग्रजीत नेतो आणि म्हणतो, 'आय हॅड गॉन टु बॉम्बे येस्टरडे.' इंग्रजाला 'हॅड' ऐकू आला म्हणजे मागाहून दुसरी घटना रुजू होणार अशी नोटीस मिळते. हा मुंबईला गेला होता, मग त्यानंतर काय घडले? घर फुटले, आग लागली, की अखेर तो डॉक्टर आला? इंग्रज चहाचा पेला ओठांशी धरून दुसऱ्या घटनेची वाट पाहात थांबतो, आपला माणूस वाक्य पुरे झाले म्हणून थांबलेला असतो, आणि दोन सुसंस्कृत माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहात असता चहा निवून जातो.

याच्या उलट प्रेझेंट परफेक्टचे सोवळे. 'आय हॅव सीन हिम' हे वाक्य निर्मळ आहे. त्याला 'येस्टरडे' शिवला की ते बाद. क्रिया तर संपलेली आहे, संपली ती काल संपली हेही खरे, मग काल संपली असे सांगितल्याने कोणाचे काय बिघडले, हा प्रश्न वर्गातील प्रत्येक हुशार मुलाने विचारलेला असतो आणि प्रत्येक अनुभवी मास्तराने त्याला खाली बसविलेले असते. याचे उत्तर घड्याळात किंवा पंचांगात शोधून सापडावयाचे नाही. त्या काळाच्या नावात परफेक्ट असले तरी मुळात तो प्रेझेंटच. क्रिया मागे घडली, परंतु तिची बाकी आजच्या तारखेस बोलणाऱ्याच्या नावावर उभी आहे, असा त्याचा जमाखर्च. 'आय हॅव लॉस्ट माय अंब्रेला' असे म्हणणारा गृहस्थ या क्षणी भिजत आहे. 'आय लॉस्ट माय अंब्रेला' असे म्हणणाऱ्याची छत्री पुढे सापडली असेल, त्याने नवी घेतली असेल, किंवा छत्रीवाचून जगण्याचे वैराग्य त्याला आले असेल; आपल्याला त्याची काळजी करण्याचे कारण नाही. तारीख आणि वार सांगितला की ती गोष्ट बांधून दप्तरात गेली, तिच्याबद्दल आता कोणाकडे तगादा नाही, अशी ही समजूत आहे. अमेरिकेत या बाबतीत पुष्कळच सैल कारभार असून, जेवलास काय, हे तेथे साध्या भूतकाळात 'डिड यू ईट यट' असे विचारतात, आणि त्यामुळे तिकडे कोणी उपाशी राहिल्याचे वृत्त नाही.

आपल्याकडे मात्र हे खाते कधीच बंद होत नाही. पुण्यातील एखाद्या जुन्या वाड्याचा मालक पाहुण्याला ओसरीवर उभे करून 'या वाड्यात लोकमान्य येऊन गेले आहेत' असे सांगतो, तेव्हा लोकमान्यांच्या निधनाची १ ऑगस्ट १९२० ही तारीख त्याला ठाऊक नसते असे नाही. परंतु त्या 'आहेत'वर वाड्याची सारी प्रतिष्ठा आणि, जागेचा व्यवहार निघालाच तर, किंमतही अवलंबून असते. 'आले होते' म्हटल्याने ती भेट नुसती घडलेली राहते, 'येऊन गेले आहेत' म्हटल्याने ती वाड्याच्या मालमत्तेत दाखल होते. हेच वाक्य त्याने 'लोकमान्य टिळक हॅज व्हिजिटेड अवर हाउस' असे इंग्रजीत उतरविले, तर इंग्रज पाहुणा अदबीने विचारील की, पुन्हा केव्हा येणार आहेत? कारण दिवंगत मनुष्याच्या भेटीगाठींना त्याच्या भाषेत हा काळ मिळत नाही. मौज अशी की, मृतांच्या जाण्यायेण्याविषयी इतकी कडक असलेली ही भाषा त्यांच्या बोलण्याविषयी अत्यंत उदार आहे. शेक्सपिअर १६१६ साली वारला, तरी प्रोफेसरांच्या तोंडी 'शेक्सपिअर सेज' म्हणून तो अद्याप वर्तमानकाळात बोलतोच आहे. मृताने वाटेल तितके बोलावे, पण घरी येऊ नये, हा इंग्रजांचा नियम विचारान्ती मला पुष्कळ समंजस वाटतो.

चालू वर्तमानकाळाविषयी फार लिहीत नाही. असणे, जाणणे, आवडणे अशा स्थितिवाचक क्रियापदांना इंग्रज सहसा 'इंग' लावीत नाही, आणि आपण ते सढळ हाताने लावतो, एवढाच त्यातला वाद आहे. 'आय ॲम हॅविंग टू सन्स' असे सांगणाऱ्या बापाला दोन मुलगे आहेत असे इंग्रजाला वाटत नाही, तर ते होण्याचे काम सध्या चालू आहे असे वाटून तो दाराआड कोणाची धावपळ ऐकू येते काय ते पाहू लागतो. मुंबईच्या बेने इस्रायल कुटुंबात जन्मलेले कवी निस्सीम इझिकेल यांनी आपल्या लोकांच्या या हौसेवर चक्क कविता रचून मिस पुष्पा नावाच्या बाईंचा निरोपसमारंभ इंग्रजी काव्यात अजरामर केला, तेव्हापासून ही चूक वाङ्मयीन झाली असून तिला हात लावण्याचा अधिकार मास्तरांकडे राहिलेला नाही.

दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला सांगण्याची जी कला, तिच्यात तर दोन भाषांचा स्वभावच उघडा पडतो. मराठीत आपण मूळ वक्त्याला त्याच्या तोंडासकट घेऊन येतो. तो म्हणाला की मी आजारी आहे, यात आजारीही तोच आणि 'मी'ही तोच. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की त्याच्यामागून सबंध कुटुंब बिऱ्हाड हलवून तिकडे जाते. 'आहे'चा 'होता' होतो, 'होता'चा 'झाला होता' होतो, आणि उद्याचा दिवससुद्धा 'दुसरा दिवस' असे नाव बदलून निमूटपणे मागून चालू लागतो. यातून माफी आहे ती केवळ त्रिकालाबाधित सत्याला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे गुरुजी म्हणाले, तर गुरुजी भूतकाळात गेले तरी पृथ्वी वर्तमानकाळात फिरत राहू शकते. आता त्रिकालाबाधित सत्य कोणते, हे ठरविण्याचा अधिकार उपनिषत्कारांनीही जपून वापरला होता. तो येथे परीक्षकाच्या लाल पेन्सिलीकडे सोपविलेला आहे. 'सासूबाई म्हणाल्या की माझी कंबर दुखते' या वाक्यातील कंबरदुखी घरातल्या माणसांच्या मते कितीही सनातन असली, तरी तिला भूतकाळातच घालावे लागते. आणि 'सावकार म्हणाला की व्याज झोपत नाही' या ठिकाणी ऋणकोचा अनुभव ग्राह्य धरावा की व्याकरणाचा नियम, याचा निर्णय कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही.

'शॅल' आणि 'विल' यांचे भांडण यापेक्षा जुने आहे. जॉन वॉलिस या इंग्रज पंडिताने १६५३ साली लॅटिन भाषेत इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात असे ठरविले की, प्रथमपुरुषी 'शॅल' हे साधे भविष्य व 'विल' हा निश्चय. इतर पुरुषी नेमके याच्या उलट. हा वॉलिस मूळचा गणिती, आणि अनंताचे जे आडव्या आठासारखे चिन्ह आपण वापरतो ते १६५५ साली त्यानेच प्रचारात आणले. आधीच्या दोन वर्षांत 'शॅल' व 'विल' यांचा विचार केल्यानंतर त्याला त्या चिन्हाची गरज भासली असल्यास आश्चर्य नाही. १९०६ साली फाउलर बंधूंनी आपल्या 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथात या दोन शब्दांवर पानेच्या पाने खर्च केली आणि अभिप्राय असा दिला की, दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यांना हा भेद निसर्गतः साधतो आणि इतरांना तो साधणे दुरापास्तच आहे. म्हणजे नियम समजून घेण्यासाठी ग्रंथ विकत घ्यावा, आणि ग्रंथ वाचून कळावे की जन्माची जागा चुकली. हा भेद ज्याला कळत नव्हता अशा एका परक्याची गोष्ट इंग्रज मोठ्या चवीने सांगतात. तो पाण्यात पडला आणि 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असे ओरडला. बुडण्याचा त्याचा निश्चय असून वाचविण्यास त्याची मनाई आहे, असा शुद्ध व्याकरणशास्त्रीय अर्थ घेऊन काठावरचे सद्‌गृहस्थ टोप्या काढून उभे राहिले. आपला माणूस पाण्यात पडला की 'बुडालो, बुडालो!' असे ओरडतो. हा साधा भूतकाळ आहे; तो खरा असता तर ओरडणारा ओरडता ना; घड्याळ पाहू जाता ते विधान धडधडीत खोटे आहे; आणि तरीसुद्धा नदीकाठच्या सबंध गावातून एकही मनुष्य त्या क्रियापदाचा काळ तपासत थांबत नाही, आणि बुडालेला बहुधा वाचतो.

त्यातल्या त्यात 'शॅल'ला सन्मानाने राहता येईल अशी एकच जागा आता उरली आहे, ती कायद्याची. भारतास एक राष्ट्रपती असावा असे सांगणारे आपल्या संविधानाचे बावन्नावे कलम इंग्रजीत 'शॅल'नेच लिहिलेले आहे. डॉक्टर आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीला त्या ठिकाणी भविष्य वर्तवायचे नव्हते, हुकूम लिहावयाचा होता, हे उघड आहे. आणि तृतीयपुरुषी 'शॅल' म्हणजे बोलणाऱ्याचा हुकूम हा वॉलिसचा नियम, इंग्लंडात ज्याला कोणी विचारीनासे झाले, तो असा नव्या दिल्लीत नोकरीस कायम झाला.

हे सर्व पाहून, इंग्रज विक्षिप्त म्हणून त्याचे काळ विक्षिप्त, असा निष्कर्ष जे काढतात त्यांनी आपल्या घरचे माजघर पाहिलेले नसते. पाणिनीने क्रियापदाला दहा लकार दिले, त्यांतले तीन भूतकाळाचे: सर्वसाधारण भूताला, आज सकाळी घडलेल्यासकट, लुङ्, आजच्या पूर्वी घडलेल्याला लङ्, आणि आजच्या पूर्वी घडले असून बोलणाऱ्याने स्वतः पाहिले नसेल तर लिट्. म्हणजे लङ् घालावा की लिट्, याचा निकाल पंचांगावर संपत नाही. साक्षीदार जागेवर हजर होता काय, हे पाहावे लागते. यावर अशी शंका निघाली की, मग लिट् लकारात 'मी' कसा यावा? आपलेच कृत्य आपण पाहिले नाही, असे कसे होईल? वैयाकरणांनी उत्तर दिले की, झोपेत किंवा मद्याच्या धुंदीत केलेली बडबड मनुष्याने स्वतः ऐकलेली नसते, तिच्यापुरता लिट् वापरण्यास हरकत नाही. मुंबई सरकारने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला तेव्हा लिट् लकाराच्या उत्तमपुरुषाचा निम्मा व्यवहार बेकायदा झाला, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही, आणि झोपाळू पंडितांवर त्याची सगळी भिस्त येऊन पडली. याच चर्चेत महाभाष्यकार पतंजलीने शाकटायन नावाच्या वैयाकरणाची हकीकत दिली आहे. हा शाकटायन रस्त्याच्या कडेला बसला होता, समोरून गाड्यांचा सबंध तांडा निघून गेला, आणि त्याला त्याचा पत्ता लागला नाही. डोळे उघडे असले तरी मन ठिकाणावर नसेल तर पाहिलेलेही न पाहिलेलेच, असा पतंजलीचा मुद्दा. परंतु त्या वेळी शाकटायनाचे मन कोठे होते याचा तर्क करणे कठीण नाही, कारण गाड्या गेल्या हे कोणत्या लकारात सांगावे या विचारात तो पडला असेल, तर गाड्या त्याच्यासाठी थोड्याच थांबणार होत्या!

आणि काळाच्या निवडीवर काय काय अवलंबून असते, हे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांइतके कोणी दाखविलेले नाही. आरंभ झाला आहे पण समाप्ती झालेली नाही अशा क्रियेस वर्तमानकाळ योजावा, हे सांगताना पतंजलीने उदाहरण दिले ते, आपण येथे पुष्यमित्राच्या यज्ञाचे ऋत्विक्कर्म करीत आहो, अशा आशयाचे. १८७२ साली 'इंडियन अँटिक्वरी'त भांडारकरांनी हे क्रियापद पकडले आणि त्यावरून पतंजली हा पुष्यमित्राच्या कारकिर्दीत, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात होऊन गेला, असे प्रतिपादन केले. एका चालू वर्तमानकाळावर इतक्या थोर पुरुषाची जन्मपत्रिका बसविली गेली! महाभाष्यकाराच्या हाताखाली आमच्या कचेरीतला एखादा कारकून नक्कल करण्यास असता, आणि त्याने सवयीने तेथे 'हॅड' घालून ठेवला असता, तर पतंजलीला कोणत्या शतकात जागा मिळाली असती, याची कल्पना करवत नाही.

खरे पाहता, कोणतीही गोष्ट आपल्यापासून किती हातांवर ठेवावयाची हे बोलणारा ठरवतो, आणि त्याप्रमाणे क्रियापद जवळ ओढतो किंवा लांब सारतो. इंग्रजाला तुमच्याकडून काही हवे असेल तर ते तो आत्ता, तुमच्या दारात उभा राहून, भूतकाळात मागतो. 'आय वॉज वंडरिंग' अशी सुरुवात करून ती गरज जणू गेल्या आठवड्यातली असून आता तिचा विशेष आग्रह नाही, असे भासवतो. आपणही हेच करतो. पैसे उसने मागायला आलेला शेजारी 'जरा काम होतं' असेच म्हणतो. ते काम आत्ता आहे, निकडीचे आहे, आणि रकमेचे आहे, हे दोघांनाही कळते, पण 'काम आहे' असे म्हणणारा मनुष्य वसुलीला आलेला असतो. हॉटेलातला पोऱ्या 'आलो साहेब' म्हणतो तेव्हा तो येत नसतो. येण्याचा त्याचा विचारही नसतो. पण त्या भूतकाळाने गिऱ्हाइकाचे समाधान होते आणि ते पाण्याच्या पेल्याकडे पाहात निमूट बसते. स्वतःच्या भाषेत काळाशी इतकी बिनतक्रार घसट असलेला हा मनुष्य इंग्रजी लिहिण्यास बसला की मात्र घड्याळ काढून समोर ठेवतो, आणि मग त्याच्यावर, पूर्वी गोऱ्या साहेबाच्या कचेरीत एका सज्जन कारकुनावर यावा असा प्रसंग येतो. त्याला चार दिवसांची रजा हवी होती. मराठीत जी अदब 'एक विनंती होती' या शब्दांत मावते, ती त्याने रात्रभर घोळून इंग्रजीत उतरविली आणि सकाळी साहेबापुढे हात जोडून म्हणाला, 'सर, आय हॅड वन रिक्वेस्ट.' साहेबाने कागदावरून मान वर केली, 'हॅड' नीट ऐकला, आणि ती विनंती आता राहिलेली नाही हे जाणून, कारकुनाची अडचण परस्पर दूर झाल्याबद्दल मनापासून आनंद व्यक्त केला. कारकुनाने त्याचे आभार मानले. शिरस्तेदाराने अर्जावर शेरा मारला: अर्जदाराची विनंती होती, सबब प्रकरण निकाली.